दाराआतला माणूस

थोरली बहीण घोरायला लागली तेव्हा पडद्यावरचा माणूस काळाचा विचार करत होता.

धाकटीने तिला कोपराने ढोसलं.

"जागी आहे मी," थोरली डोळे मिटूनच म्हणाली. "कळतंय सगळं. तो बोलतोय."

"बोलत नाहीये. विचार करतोय."

"मग एवढ्या मोठ्यांदा कशाला करतो?"

मागच्या खुर्चीतला दिग्दर्शक खोकला. त्याच्या शेजारी यंत्रासमोर बसलेला संकलक हसू लपवायला खाली वाकला. त्या छोट्या खोलीत चौघंच होती. खिडक्यांवर जाड काळे पडदे होते. बाहेर लख्ख दुपार आहे हे विसरायला होत होतं.

कादंबरी धाकटीची. तिच्यात प्रश्न एकच होता. तरुणपणी भांडून घरातून गेलेला भाऊ इतक्या वर्षांनी दार ठोठावतोय, तर बाहेर उभा आहे तो तोच माणूस का? की त्याचं नाव घेऊन आलेला दुसराच कोणी? आतला माणूस दार उघडण्याआधी विचार करतो, आणि कादंबरीभर तेवढंच करतो. सिनेमाला परवानगी देताना तिने अट घातली होती, की त्याच्या मनातलं एकही वाक्य गाळायचं नाही. दिग्दर्शक शब्दाला जागला होता. नटाचा भारदस्त आवाज पहिल्या दृश्यापासून ती वाक्यं म्हणत होता. आज तिने मान हलवली की सिनेमा पुढे जाणार, म्हणून दिग्दर्शक पडद्यापेक्षा तिच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होता.

वाक्यं तिची होती. स्वल्पविरामसुद्धा तिचे. तरी तिला कंटाळा येत होता, आणि हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

शेवटचा प्रसंग सुरू झाला. दारावर थाप पडली. आणि नटाच्या आवाजातलं निवेदन आलंच नाही. संकलकाने सकाळी थापेचा आवाज नीट ऐकण्यासाठी या प्रसंगाचं निवेदन बंद केलं होतं, ते चालू करायचं राहून गेलं होतं.

पंखा बंद पडला की झोपलेला माणूस जागा होतो, तशी थोरली जागी झाली.

माणूस खुर्चीत बसला होता. पुन्हा थाप पडली. "दादा," बाहेरून हाक आली. तो चमकून उठला, दारापर्यंत गेला. कडीला हात लावला नाही. विरळ केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग काढलं. परत येऊन बसला.

"अरे, निवेदन कुठाय?" दिग्दर्शक कुजबुजला.

"सॉरी सर, सकाळी बंद केलं ते... थांबवू का?"

"अजिबात थांबवू नका," थोरली म्हणाली. ती खुर्चीत पुढे सरकली होती. "अगं, हा दार का उघडत नाही?"

धाकटीच्या आधी दिग्दर्शकच म्हणाला, "तेच तर ताई. त्याला शंका आहे, बाहेर खरंच त्याचा भाऊच..."

"काहीतरीच! हाक ओळखली त्याने. कसा चमकला, पाहिलं नाहीत?" थोरलीने हात झटकला. "याची भीती वेगळीच आहे. बाहेरचा आपल्याला ओळखेल का, याची. केस बघा की त्याचे. भाऊ गेला तेव्हा चांगला तरणाबांड असणार हा."

पडद्यावरचा माणूस स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला होता.

धाकटीने मनातल्या मनात सगळं पुस्तक चाळलं. बाहेरच्या माणसाबद्दल जे जे विचारता येईल ते तिने विचारलं होतं. आतल्याबद्दल काहीच नाही.

"हे आहे का गं तुझ्या पुस्तकात?" थोरलीने विचारलं. "मला मेलीला ते कधी पुरंच झालं नाही. सुरुवातीलाच डोळा लागायचा. रागावू नकोस."

"रागवत नाही."

"पण आहे का?"

"नाही."

"मग घाल की पुढच्या आवृत्तीत!"

प्रसंग संपला तसा संकलकाने दिवा लावला. "चूक माझी आहे, बाई. निवेदनासकट परत दाखवतो."

"हो, ते ऐकायलाच हवं," दिग्दर्शक घाईने म्हणाला. "तुमची सगळ्यात सुंदर वाक्यं इथेच आहेत."

"आहेत," धाकटी म्हणाली. "त्यातल्या एकासाठी मी अख्खा उन्हाळा घालवला होता."

"मला विचारा ना तो उन्हाळा," थोरली म्हणाली. "ही खोलीचं दार लावून बसायची. जेवायला हाक मारली की आतून 'आले, आले' म्हणायची. आणि यायची कुठे? मी आपली वाढलेलं ताट झाकून बसलेली."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग दिग्दर्शकाकडे वळली.

"निवेदन लावू नका."

"या प्रसंगाला?"

"सबंध सिनेमाला."

"पण बाई, तुमची अट..."

"माझीच आहे ना? मग मीच मोडते."

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "वाक्यं काढली तर तुमचं यात उरणार काय?"

"अहो, पुस्तकात आहेत की ती," थोरली म्हणाली. "पळून थोडीच चाललीत?"

"हा प्रसंग परत दाखवा," धाकटी म्हणाली. "आत्ता होता तसाच."

दिवा विझला. दारावर थाप पडली. निवेदन नव्हतं, तरी अंधारात धाकटीचे ओठ हलत होते. एकेक वाक्य ती त्याच्या त्याच्या जागी ठेवत होती. माणूस उठला, दारापाशी गेला. त्याने विरळ केसांवरून हात फिरवला, तेव्हा ते ओठ थांबले.