जुनी किल्ली

नवरा गेल्यानंतरही दारातली गाडी रोज सकाळी आपोआप सुरू व्हायची. पूर्वी दाढी करता करता ते आतूनच किल्लीवरचा रिमोट दाबायचे, अगदी त्याच वेळेला.

"बाबांची हरवलेली किल्ली कुणाच्या तरी हाती लागलीय, दुसरं काही नाही," म्हणत लेकाने माहितीपुस्तिका मांडीवर घेतली, गाडीला नव्या रिमोटची ओळख करून दिली आणि जुन्याची पुसून टाकली. "आता निर्धास्त झोप, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खरंच गप्प राहिली. तिला हायसं वाटलं, तरी कान मात्र दाराकडेच लागले होते.

 

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं, दाढीच्या साबणाचा वास आला आणि पाठोपाठ तोच वैतागलेला आवाज, "अगं, माझी किल्ली का चालत नाहीये?"