तिसरा कौल

रवळनाथाच्या काळ्या मूर्तीवरची उजवी पाकळी पडली आणि संचिताने सोडलेला श्वास शेजारी बसलेल्या तिच्या आईलाही ऐकू आला. उजवा कौल म्हणजे होकार. बारावी झालेल्या पोरीने कोल्हापूरला जाऊन तत्त्वज्ञान शिकायला देवाची काही हरकत नव्हती.

हरकत होती ती भिकाजीकाकांची. वडलांचे हे थोरले भाऊ. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. तारकर्लीला त्यांनी लॉज बांधलं होतं आणि काउंटरवर बसायला त्यांना घरचं, फुकटचं माणूस हवं होतं. पाकळी नीट चिकटलीच नव्हती, असं म्हणून त्यांनी बाळा गुरवाला पुन्हा कौल लावायला सांगितलं.

पुन्हा उजवाच पडला. आता काकांच्या मते प्रश्नच चुकला होता.

"चेडू घरातच रवला तर बरा, असा इचार," त्यांनी गुरवाला पोरीबद्दलचा प्रश्न फिरवून दिला.

गुरवाने मुकाट्याने नव्या पाकळ्या लावल्या. थोडा वेळ गेला. उजवी पाकळी घरंगळून खाली आली.

"झाला. देवान सांगल्यान," काका म्हणाले आणि खांद्यावरचा पंचा झटकला.

संचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजात प्राजक्ता मॅडमनी नीतिशास्त्राच्या तासाला एक प्रश्न घातला होता: देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली म्हणून देव सांगतो? पोरं आठवडाभर भांडत होती. इथे तिसरंच निघालं. काका सांगतात म्हणून देव सांगतो. हे उत्तर वर्गात कुणालाच सुचलं नव्हतं.

"काकानू, पयल्या दोन खेपेक देव निजलेलो काय?" तिने विचारलं.

देवाला असं विचारायचं नसतं एवढं तरी ते तत्त्वज्ञान शिकवत नाही का, असं काकांनी विचारलं. आणि चार बुकं वाचली की पोरी शेफारतात, हेही तिच्या वडलांना, गुरुदासला, ऐकवलं. गुरुदासने फरशीकडे बघत मान डोलावली. संचिताला काकांच्या जिभेपेक्षा त्या मानेची जास्त चीड आली.

मग काका सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. सगळे उठले, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सूर लावला, "ह्या चेडवान तुझ्या दारात तोंड चालवल्यान, त्येका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आईसुद्धा म्हणाली. कालपर्यंत 'तुझी बॅग मी भरून देईन' म्हणणारी आई.

काका दम घ्यायला थांबले. गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायचं नसतं, हे संचिताला कळत्या वयापासून माहीत होतं. तिने काकांचाच सूर उचलला, त्यांचाच हेल काढला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या तोंडात आपला बोलणा घालून जो कोण तुझो कौल फिरवता, त्येका वठणीवर हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. जन्मभराची सवय, गाऱ्हाणं कोण घालतंय, कशाचं घालतंय, हे ऐकतो कोण?

सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीकाकांचा होता.