पूर्ण वीस

पट वीसच्या खाली गेला की शाळेला कुलूप लागणार, ही धास्ती घेऊन महारुद्र गुरुजी लोहाऱ्याजवळच्या वस्तीवरची शाळा रेटत होते. पोरं अठराच, पण तोंडी हिशेबात एकेक वाघ. आडनिडा आकडा आला की आधी तो पूर्ण करून घ्यायचा आणि जास्तीचे शेवटी काढून टाकायचे, ही युक्ती गुरुजींनी त्यांच्या अंगी चांगली मुरवली होती.

तपासणीला आलेल्या साहेबांनी डोकी मोजली. वीस भरली. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

मग साहेबांनी तिसरीतल्या शिवांजलीला विचारलं, "अठरा आणि पंचवीस किती?"

"त्रेचाळीस. अठराचे वीस करायचे, पंचेचाळीस होतेत, मग दोन काढायचे."

"वा गुरुजी! बाळ, ही युक्ती एखादं उदाहरण देऊन समजावून सांग बरं."

गुरुजींनी कौतुकानं मान डोलावली.

 

"आता आमचंच बघा की साहेब. आमी हाव अठरा. म्हणून गुरुजींनी येरमाळ्याहून बहिणीची दोन पोरं आणून वीस केले. तुमी गेलाव की ती काढायची."