परत आलेला डबा

जुन्या जपानवरचा एक कार्यक्रम सलोनी रोज संध्याकाळी टीव्हीवर लावायची, आणि तिची आई चिमा तिथेच खाली बसून सुकट निवडायची. हजार वर्षांपूर्वी तिथले लोक म्हणे प्रेमाची चिठ्ठी फुलांच्या फांदीला बांधून पाठवायचे, आणि नुसती फांदी बघूनच बाईला काय ते कळायचं.

"आई गो, पप्पांनी कधी पाठवलंनी असं काय तुला?"

"पाठवतात ना. खरकटा डबा."

यात खोटं काही नव्हतं. तिचा नवरा महिपत मुंबईला नोकरीला. गेली बारा वर्षं चिमा दर पंधरा दिवसांनी सुकटीच्या चटणीचा डबा भरून रत्नागिरी स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, आणि तो डबा तसाच तेलकट, वास मारत परत यायचा. तो घासायचं कामही तिचंच.

या शनिवारी मात्र डबा लखलखीत घासून आला. सलोनीने झाकण उघडलं, तर तळाशी मूठभर साखर.

"आई, बघ! पप्पांनी साखर पाठवली तुला! त्या जपान्यांसारखी!" सलोनी नाचायचीच बाकी होती.

चिमाने डब्यात एकदा बघितलं, झाकण लावलं आणि पुन्हा सुकट निवडायला बसली.



दुसरीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत फक्त बायका पाळतात.