सपाट जागा

बायकोशी भांडण झालं तसं घड्याळजींनी आपलं अंथरूण आणि वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर उचलला आणि गॅलरी बंद करून काढलेल्या खोलीत मुक्काम हलवला. बोलणं बंद तर बंद. निदान हा प्लेअर तरी मार्गी लागेल.

पण प्लेअर मालकावरच गेलेला. सुई धरणारा लांब दांडा रेकॉर्डवर ठेवला, की गाणं अर्ध्यावर सोडून आत घसरायचा. घड्याळजींनी सुई बदलली, दांड्यामागचं वजन पुढेमागे करून पाहिलं, सांध्याला तेल दिलं. आयुष्यभर लोकांची घड्याळं वठणीवर आणली, हा दांडा मात्र दाद देईना.

बायको शिवणाचा डबा न्यायला आली. दारात उभं राहून तिने त्यांची खटपट पाहिली. मग डब्यातलं दोऱ्याचं रीळ काढून फरशीवर आडवं ठेवलं. रीळ गडगडत निघालं आणि पाणी जायच्या जाळीपाशी जाऊन थांबलं.

घड्याळजी रिळाकडे बघतच राहिले.

"गॅलरीच ही, उतार असणारच," ती म्हणाली. "त्या दांड्याला कशाला बोल लावताय?"

"मग आता?"

"आतली फरशी सपाट आहे."

त्यांनी प्लेअर दोन्ही हातांनी जपून उचलला आणि वळून पाहिलं, तर त्यांची उशी काखोटीला मारून ती केव्हाच आत निघाली होती.