एक नंबरची गाडी

“भंगारातच द्यायची,” ती म्हणाली. “कुठे सही करू?”

काकांनी कागद पुढे केला नाही. ते बाबांचे मेकॅनिक. पंचवीस वर्षं या शेडमध्ये त्यांनी गाड्यांची आणि बाबांनी माणसांची दुरुस्ती केली, असं ते स्वतःच सांगत.

बाबा रानावनात, खडकाळ उतारांवर चालवायच्या चार जाड चाकांच्या गाड्या शिकवत. एटीव्ही. हँडल मोटारसायकलचं, ताकद रेड्याची, आणि अक्कल चालवणाऱ्याकडे असेल तेवढीच, असं ते म्हणायचे. तीन आठवड्यांपूर्वी ते घरीच, खुर्चीत, बूट काढता काढता गेले.

“शिकून गेलेली मंडळी म्हणतात, मास्तरांची गाडी फाटकाशी ठेवू,” काका म्हणाले. “आठवण म्हणून.”

“मला आठवणीला गाडी लागत नाही, काका.”

काकांना सगळं ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना याच मैदानावर एक गाडी उलटली होती आणि खाली सापडलेला माणूस तिने पाहिला होता. घरी जाताना तिने बाबांची बाही घट्ट धरली. “बाबा, तू यावर बसायचं नाहीस. कधीच.” बाबा म्हणाले, “नाही बसणार.”

दुसऱ्या दिवसापासून ते दारातूनच सांगायला लागले, “आज बसलो नाही.” सांगताना भुवयांवर धूळ, कानात धूळ, घसा बसलेला. ती लहान होती, आंधळी नव्हती. दर चार महिन्यांनी बुटांचे तळवे जात. पन्नाशीतच गुडघे गेले. काम काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं. “गाड्या शिकवतो,” असं बाबांनी सांगताच त्यांनी नुसती मान हलवली.

तेराव्या वर्षी ती एकदा म्हणाली, “रोज रोज खोटं नको सांगूस.” बाबा काहीतरी बोलायला गेले. मग म्हणाले, “बरं.” त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. ती मात्र नोकरीला दुसऱ्या गावी जाईपर्यंत रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहून त्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकायची.

शेडच्या दारात एक बाई आली. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. बांगड्यांवर अजून पीठ होतं. तिने पिशवीतून हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. ते कपाळापासून मागेपर्यंत तडकलं होतं.

“तुम्ही मास्तरांची मुलगी ना? ताई, त्यांनी मला तीनदा परत पाठवलं होतं. एकदा चपला घालून आले म्हणून. एकदा हेल्मेटचा पट्टा सैल म्हणून. आणि एकदा लेकीला मागे बसवलं म्हणून. म्हणाले, सीट लांब आहे ती तुम्हाला पुढेमागे सरकायला, लेकीला बसायला नाही. मी एवढी चिडले की आठवडाभर फिरकले नाही.”

“मग?”

“मग महिन्याभरात उतारावर उलटले. एकटीच होते.” तिने तडकलेल्या जागेवरून बोट फिरवलं. “वळण आलं की त्यांचा आवाज अजून अगदी कानाशी येतो. ‘वर झुका, वर!’ आभार मानायला आले, तर उशीर झाला. तुम्हालाच मानते.”

मास्तरांच्या मुलीने मान खाली घातली. हे आभार कुठे ठेवायचे, ते तिला कळेना. सगळ्यांना बाबांकडून जीव मिळाला होता आणि तिच्या वाट्याला ती खिडकी आली होती.

जाताना बेकरीवाली दाराशी उभ्या असलेल्या कोऱ्या गाडीजवळ रेंगाळली. “हे काय हो, टायरवर केस?”

“नव्या रबराला असतात,” काका म्हणाले. “मैदानाला एक फेरी मारली की टक्कल.”

“आमच्या ह्यांना तेवढीही लागली नाही,” असं म्हणून ती हसत गेली.

“काका, सही.”

“करशील. पण शेडमधून गाडी बाहेर निघायची तर तपासणी करूनच. भंगारात का जाईना. तुझ्या बाबांचा नियम.”

“तुम्हीच करा.”

“मालकाने करायची. तोही त्यांचाच नियम.”

तिने सुस्कारा सोडून कोपऱ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढली. एक नंबर. सीटचं रेक्झिन झिजून फोम बाहेर आला होता. हँडलच्या मुठी हातांनी गुळगुळीत झाल्या होत्या, पाय ठेवायच्या पट्ट्या भांड्यासारख्या लखलखत होत्या. इतकी वर्षं. तिने रागाने ताडपत्री पायाने दूर ढकलली.

“पहिला तास सगळ्यांचा इथेच, हिच्यावरच,” काका म्हणाले. “झुकायचं कसं, सरकायचं कसं. हजारेक माणसं बसली असतील. पण मैदानावर हिला न्यायची कोणाची टाप नव्हती. मास्तरांची गाडी.”

“आणि मास्तर?”

काका फडक्याने हात पुसत राहिले. “तू तपास. ब्रेक, दोरी, टायर.”

ब्रेक लागत होते. पडलं तर इंजिन बंद पाडणारी मनगटाची दोरी सतरा गाठी मारून जपली होती. ती पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसली. रबर जुनं, राखाडी, बाजूने भेगाळलेलं. तिने तळवा दाबून टायरवरून फिरवला आणि हात तिथेच थांबला.

मग ती दुसऱ्या चाकाकडे गेली. तिथून मागच्या दोन्हींकडे.

चारही टायरांवर रबराचे बारीक केस जसेच्या तसे उभे होते.