घासलेली नाणी

मोतीबिंदू काढलेल्या सासऱ्यांची पट्टी आज सुटणार होती. नव्या नजरेला सगळं लखलखीत दिसावं, म्हणून सुनेनं त्यांची जुनी तांब्याची नाणी भांड्यांच्या पावडरीनं घासून ठेवली. घरी येताच त्यांनी पहिली डबी उघडली, नाणं दिव्याखाली तिरकं धरलं. वर्षानुवर्षं जमलेला काळपट थर गेला होता. झळाळीत बारीक ओरखडे उमटले होते. "घासलेलं नाणं! संग्रहात याला कोण विचारतंय?" ते नाणं सोबत आलेल्या मित्रानंच विकलेलं. "माझी नजर अधू म्हणून हे गळ्यात मारलंस?" मित्राचं लक्ष सुनेच्या काळवंडलेल्या नखांकडे गेलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. सासऱ्यांनी दाराकडे बोट दाखवलं. सून मित्राच्या मागोमाग दारापर्यंत गेली. चपला घालताना मित्र तिला हळूच म्हणाला, "बाकीची तरी घासू नकोस, बाळ." "काका, सगळी घासून झाली." आत दुसरी डबी खट्कन उघडली.